धोंडबानं काढलेला आरसा

धोंडबा निखाडे माझ्या दुकानामागच्या खोलीत भाडेकरू म्हणून आला, आणि सगळ्यात आधी त्यानं मी लावलेलं कुलूप काढून स्वतःचं लावलं. मी म्हटलं, कुलूप चांगलं आहे की. तो म्हणाला, चांगलंच आहे, पण त्याची दुसरी किल्ली तुमच्याजवळ आहे. घरमालकाच्या तोंडावर असं बोलणाऱ्याला खोली द्यायलाच नको होती. पण साल होतं त्र्याऐंशी. लकडगंजातल्या माझ्या फोटो स्टुडिओत येणारी गिऱ्हाइकं आता कॅसेट मागू लागली होती आणि मला व्हिडिओतलं ओ की ठो कळत नव्हतं. धोंडबाला कळत होतं. म्हणून मी गप्प बसलो.

तो मूळचा कळमेश्वरकडच्या एका खेड्यातला. भाऊ शेती करायचे. हा सोळाव्या वर्षी तंबूतल्या सिनेमाबरोबर निघून गेला आणि वीस वर्षं जत्रा-बाजारांतून प्रोजेक्टर चालवत फिरला. तिथं मालक तिकीटवाल्यावर संशय घ्यायचा, तिकीटवाला मालकावर, आणि रीळ घेऊन आलेला कंपनीचा माणूस दोघांवर. त्या शाळेत शिकलेला विद्यार्थी कसा निघणार? धोंडबा बल्ब विकत घ्यायचा तो दुकानातच लावून बघायचा. स्क्रूड्रायव्हर कोणाला दिला तर परत येईपर्यंत दारात उभा राहायचा. माझ्याकडचा चहा आधी हुंगायचा. बायको रंभाबाई घरून डबा घेऊन यायची, तिलाही विचारायचा, रस्त्यात कोण भेटलं होतं. ती बिचारी म्हणायची, "तुमच्यावानी मानूस भेटला नाई, येवढंच सांगते."

पण एक कबूल करायला हवं. हा संशय त्याच्या कामाला उपयोगी पडायचा. मशीन नीट चालू लागलं की त्याला जास्त शंका यायची, आणि तो ते उघडून बसायचा.

काम असं होतं. नागपुरात डॉक्टर, गिरणीतले साहेब, खाणींतले इंजिनियर यांच्याकडे जुन्या हौशी कॅमेऱ्यांवर काढलेल्या बारीक फिल्मा पडून होत्या. मुलांचे वाढदिवस, रामटेकची सहल, कोणाचं लग्न. दाखवायचे प्रोजेक्टर बंद पडलेले, आणि घरात नवा व्हीसीआर आलेला. तेव्हा ती फिल्म व्हिडिओ कॅसेटवर चढवून द्यायची. शहरात दोघं-तिघं हे करत. ते भिंतीवर फिल्म पाडत आणि समोर व्हिडिओ कॅमेरा ठेवत. त्यात चित्र असं धडधडायचं की पाहणाऱ्याचं डोकं उठावं. मध्ये पांढरा भगभगीत गोळा, कडेला अंधार, आणि नवरीच्या गालावर भिंतीच्या चुन्याचे पापुद्रे.

धोंडबानं आधी धडधड धरली. फिल्म सेकंदाला सोळा चित्रं दाखवते, व्हिडिओ सेकंदाला पन्नासदा पडदा रंगवतो. दोघांचे पाय एका तालात पडत नाहीत, म्हणून चित्र लंगडतं, असं तो मला सांगायचा. त्यानं प्रोजेक्टरची मोटर काढून विजेच्या पन्नासाच्या ठेक्यावर चालणारी दुसरी बसवली. फिल्मचा वेग अगदी थोडा वाढवला. प्रकाश अडवणाऱ्या पंख्याला दोनाऐवजी तीन पाती केली. एका चित्रावर तीनदा उजेड पडू लागला आणि सेकंदाचे बरोबर पन्नास झाले. धडधड अशी थांबली की मी टीव्हीच्या मागं जाऊन पाहिलं, यानं काही लबाडी तर केली नाही ना. त्याच्या सहवासानं मलाही वाण नाही पण गुण लागला होता.

मग त्यानं भिंत काढून टाकली. एका खोक्यात दुधी काच बसवली, तिच्यावर मागून फिल्म पाडायची आणि पुढून कॅमेऱ्यानं टिपायची. खोली अरुंद, प्रोजेक्टर सरळ मावेना, म्हणून उजेड काटकोनात वळवायला मध्ये एक आरसा ठेवला. पण दुधी काच उजेड खायची आणि आरसा उरलासुरला. सावलीतली माणसं काळीठिक्कर दिसायची. चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत मी माझी अडगळीची खोली त्याला जोडून दिली. लांब जागा मिळताच त्यानं दुधी काच काढली, तिच्या जागी मोठं भिंग बसवलं, आणि आता वळायची गरज नाही म्हणून आरसाही काढून टाकला. प्रोजेक्टर, भिंग आणि कॅमेरा सरळ एका रेषेत आले. रामटेकच्या डोंगराची एक टाकाऊ पट्टी चालवून पाहिली. झाडाखालच्या सावलीतलं पान न् पान दिसलं. धोंडबानं त्या दिवशी चहा न हुंगता प्यायला.

या नव्या मांडणीवर पहिलं खरं काम आलं ते पंचफुलाचं.

पंचफुला चाळिशीची बाई, कन्हानकडच्या एका कोळसा खाणीतला फिटर बळीराम याची बायको. बळीराम थंडीत वारला. माणूस गेला की घरच्या एकाला खाणीत नोकरी मिळायची. पण बळीरामच्या कागदात बायकोच्या नावाची जागा कोरी राहिली होती. त्यानं कधी लिहून दिलं नाही, कोणी विचारलं नाही. आणि बळीरामचा धाकटा भाऊ चंपतराव, ज्याला ती नोकरी स्वतःच्या मुलासाठी हवी होती, त्यानं अर्ज दिला की लग्न कधी झालंच नाही, ही बाई भावानं नुसती ठेवली होती. लग्न लावणारा भटजी मरून गेलेला. तिच्या माहेरी कोणी उरलं नव्हतं. मूलबाळ नव्हतं. उरली होती फक्त एक पत्र्याची डबी. लग्नाला खाणीचा इंजिनियर साहेब आला होता, त्यानं हौसेनं फिल्म काढली होती आणि बदली होऊन जाताना बळीरामला भेट दिली होती. वीस वर्षांत या नवरा-बायकोनं ती एकदाही पाहिली नव्हती. दाखवायला काही नव्हतंच त्यांच्याकडे.

"नोकरी भेटन का नाई, ते साहेब पाहतीन," ती डबी टेबलावर ठेवत म्हणाली. "पन वीस वर्स मी त्याच्या घरात बायको म्हनून राह्यली. आता सारी वस्ती मले ठेवलेली म्हनून राहिली."

फिल्म वाळून आखडली होती. धोंडबानं प्रोजेक्टरची भोकात शिरणारी नखी घासून बारीक केली आणि ती न फाडता चालवली. आठ मिनिटांची फिल्म. पंचफुला टीव्हीसमोर जमिनीवर बसली. नवरदेवाचं तोंड मुंडावळ्यांत अर्धं झाकलेलं, चित्र दाणेदार, पण तिनं पहिल्याच झटक्यात ओळखलं आणि पदर तोंडात धरून जी रडू लागली ती संपेपर्यंत थांबली नाही. धोंडबा पडद्याकडेच बघत होता. त्याला माणसं दिसत नव्हतीच. तो कडा बघत होता, उजेड सारखा पडतो की नाही बघत होता. आणि मी, खरं सांगतो, त्या बाईकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो की रडणं अंमळ जास्तच होतंय.

दोन दिवसांनी एक धोतर-टोपीतला गृहस्थ दुकानात आला. फिल्मची कॅसेट कशी करता, दाखवता का, म्हणाला. मी चहा पाजला, धोंडबा मशीन उघडून बसला होता ती खोलीही दाखवली. तिथल्या उकाड्यात त्यानं टोपी काढून घाम पुसला, तेव्हा कपाळावरच्या केसांत एक पांढरी बट दिसली. नाव त्यानं जाताना सांगितलं. चंपतराव.

चौकशी खाणीच्या कचेरीत झाली. आम्ही टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याच्या गाडीत घालून नेला. टेबलापाशी साहेब, बाजूला कारकून, समोर चंपतराव आणि वस्तीतले पाच-सात जण. पंचफुला दाराजवळ उभी. कॅसेट लागली. मांडव दिसला, अंतरपाट दिसला. चित्र इतकं स्वच्छ की कारकून "वा" म्हणाला. तिसऱ्या मिनिटाला नवरदेवानं हार घालायला दोन्ही हात वर केले आणि चंपतराव उठून उभा राहिला.

तो म्हणाला, साहेब, जरा थांबवा आणि माझ्या भावाच्या कागदात ओळखीची खूण काय लिहिली आहे ती वाचा.

कारकुनानं वाचलं. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नाहीत, लग्नाच्या आधीच्या वर्षी अपघातात गेली. धोंडबानं चित्र थांबवलं होतं. नवरदेवाची दोन बोटं नव्हती खरी, पण ती उजव्या हाताची. डावा हात धडधाकट, पाचही बोटं हारावर पसरलेली.

कोणीतरी हसलं. साहेबांनी पुढची फिल्म पाहिलीच नाही. असे तुटक्या बोटांचे फिटर खाणीगणिक सापडतात, म्हणाले, आणि पंधरा दिवसांनी निकाल देतो म्हणून उठले. पंचफुला पडद्याजवळ गेली, त्या थांबलेल्या हाताकडे बघत राहिली. बाहेर आल्यावर धोंडबा तिला सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, फसवाले तुमाले दुसरं कोनी भेटलं नाई का?"

ती वस्तीकडे चालू लागली. डबी मागायचंही तिला सुचलं नाही.

त्यानंतरचे आठ दिवस आमच्याकडे जे चाललं त्याला दुकान म्हणायचं की पोलीस ठाणं, कोण जाणे. धोंडबाचा पहिला संशय बाईवर. कुठल्या तरी लग्नाची फिल्म उचलून आणली, बोटं तुटलेला माणूस शोधून आणला. दुसरा संशय माझ्यावर. चंपतरावाला चहा का पाजला, खोली का दाखवली, त्यानं फिल्म बदलली तेव्हा मी काय करत होतो. मी भडकलो. माझा संशय त्याच्यावरच होता. कुलूप याचं, किल्ली याची, मग बदलणार कोण? चंपतरावानं यालाच गाठलं असेल. आम्ही एकमेकांशी रंभाबाईमार्फत बोलू लागलो. पण एका गोष्टीवर आमचं दोघांचं एकमत होतं, की ती बाई काही सरळ नाही. एवढं रडली आणि बोटं नाही पाहिली? स्वतःच्या नवऱ्याची?

नवव्या दिवशी दुपारी धोंडबा ती कॅसेट लावून बसला होता. फिल्म कुठं कापून जोडलेली दिसते का, ते शोधत होता. मी मुद्दाम दारात उभा होतो, तो काही पुसून टाकेल म्हणून. रंभाबाई डबा घेऊन आली आणि उंबऱ्यावर टेकली. फिल्म आता शेवटाकडे आली होती. मांडवाच्या कडेला, लिंबाच्या सावलीत, पंगत बसली होती. जुन्या तऱ्हेनं केली असती तर तिथं नुसता डांबरासारखा काळोख दिसला असता. आता माणूस न् माणूस दिसत होता.

"अवो," रंभाबाई म्हणाली, "हे कोन्या गावचं लगन हाय? सारी पंगत डाव्या हातानं जेऊन राहिली."

धोंडबा मान न वळवता म्हणाला, असेल एखादा डावखुरा.

"एखादा? मोजा ना."

त्यानं मोजले. तेवीस जण. तेवीसच्या तेवीस डाव्या हातानं भात कालवत होते. वरण वाढणारा म्हाताराही पळी डाव्या हातात धरून चालला होता. एक माणूस डावखुरा असतो, दोन असतात. पंगत डावखुरी नसते. आपल्याकडे लेकरानं डावा हात पानात घातला तरी आजी हातावर मारते.

धोंडबा उठला. लाकडी फळीवर, जिथं पूर्वी आरसा होता, तिथं चार स्क्रूंची भोकं होती. तो त्या भोकांकडे इतका वेळ बघत राहिला की मला भीती वाटली. मग त्यानं कोपऱ्यात पोत्याखाली ठेवलेला तो आरसा काढला आणि टीव्हीसमोर धरला. आरशात पंगत उजव्या हातानं जेवत होती. त्यानं कॅसेट मागं नेली, हार घालतानाचं चित्र थांबवलं आणि पुन्हा आरसा धरला. बळीरामची दोन बोटं डाव्या हाताची गेलेली होती.

झालं होतं ते इतकंच. पडद्यावर किंवा भिंगात मागून पडलेलं चित्र पुढून पाहिलं की डावं-उजवं उलटं दिसतं. तो आरसा ते पुन्हा सुलटं करत होता. धोंडबाला वाटायचं, आरसा फक्त जागा वाचवतो. म्हणून जागा मिळताच त्यानं तो काढला. जगातल्या सगळ्यांना त्यानं उलटतपासणीला उभं केलं, मला, बायकोला, त्या विधवेला. स्वतःच्या हातानं केलेल्या कामाला तेवढं सोडलं. मला आधी हसू आलं. मग आठ दिवस आम्ही त्या बाईविषयी काय काय बोललो ते आठवलं आणि हसू गिळावं लागलं.

त्याच दुपारी तो कन्हानची एसटी पकडून पंचफुलाकडे गेला. परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाली? तो म्हणाला, काही नाही, साहेबांना सांगा म्हणाली.

मग दोन दिवस त्यानं खोलीचं दार लावून काम केलं. साध्या आरशात काच पुढं असते, म्हणून चित्रामागं त्याचं भूत, म्हणजे तेच चित्र फिकट दुसऱ्यांदा, उमटतं. त्यानं आरशाच्या पाठीवरचा रंग हळूहळू विरघळवून चांदीची बाजूच पुढे केली आणि तो आरसा भिंगापुढं तिरपा बसवला. उजेडही राहिला, चित्रही सुलटं झालं. आणि यावेळी फिल्म त्यानं माणसं बघत चालवली.

निकालाच्या दिवशी आम्ही दोन कॅसेटी घेऊन गेलो. साहेब आधी ऐकूनच घेईनात. कपाळाला आठ्या घालून म्हणाले, तुमच्या मशीनवर परवा उजवा हात होता, आज डावा आहे. उद्या नवरदेवाला तीन हात येतील. कोणतं खरं मानायचं? चंपतराव तर फिल्मची डबीच उघडून बसला. पट्टी उजेडाला धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. इकडून बघा डावा, तिकडून बघा उजवा, म्हणाला. यात पुरावा कसला? माणूस हुशार होता. बोलणं बिनतोड होतं.

धोंडबा वाद घालत बसला नाही. त्यानं जुनी कॅसेट लावली आणि थेट पंगत काढली. साहेब बघत राहिले, मग कारकून फिसकन हसला. तेवीस डावे हात. मग नवी लावली. तेवीस उजवे हात.

"साहेब, फिल्मचं तोंड कोन्या बाजूनं हाय, ते मी नाई सांगत, पंगत सांगते," धोंडबा म्हणाला. "जेवनारे जवा उजव्या हातानं जेवतात, तवा बळीरामची बोटं डाव्या हाताची गेलेली दिसतात. आता लाइनीतला शेवटचा मानूस पाहा."

त्यानं चित्र थांबवलं. पंगतीच्या टोकाला, लिंबाच्या बुंध्याशी, विशीतला एक मुलगा हातावर भात घेऊन ओरपत होता. डोकं उघडं. काळ्याभोर केसांत, कपाळाच्या बरोबर वर, पांढरी बट.

चंपतरावाचा हात आपोआप डोक्याकडे गेला आणि त्यानं टोपी खाली ओढली. टोपी आधीच पुरेशी खाली होती. खोलीतल्या प्रत्येकानं ते पाहिलं. त्याच्या वस्तीतल्या माणसांना ती बट जन्मापासून माहीत होती. लग्न झालंच नाही म्हणणारा गडी लग्नाच्या पंगतीत भात मागून घेत होता.

साहेबांनी विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "जेवाले बोलावलं होतं."

पंचफुलाला नोकरी मिळाली. खाणीच्या दिवेखोलीत, दिवे मोजून द्यायचं आणि मोजून घ्यायचं काम. कागदात बळीरामची पत्नी म्हणून तिचं नाव चढलं. तीन आठवड्यांनी ती फिल्म आणि कॅसेट न्यायला आली. धोंडबानं त्या दिवशी सकाळपासून दुकान झाडून ठेवलं होतं. रंभाबाईनं चिवडा पाठवला होता. आपण कामाचे पैसे घेणार नाही, हे त्यानं बाई खुर्चीवर बसायच्या आधीच सांगून टाकलं. मग कागद घेऊन तो समजावू लागला. इथं प्रोजेक्टर, इथं भिंग, उजेड असा येतो, असा उलटतो, हा आरसा नसला की काय होतं. दहा मिनिटं तो बोलत होता. इतका वेळ बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

पंचफुलानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मशीनीचं नाई पुसून राहिली मी. तुमचं पुसून राहिली. तुमाले मी खोटी वाटली का नाई?"

धोंडबानं कागद खाली ठेवला. नाही म्हणता आलं असतं. मी असतो तर म्हटलं असतं.

"वाटल्या," तो म्हणाला.

"मी इथं बसून रडून राहिली होती, तवा बी?"

"तवाच जास्त."

तिनं मान हलवली. डबी आणि कॅसेट पिशवीत ठेवली, पिशवीचं तोंड बांधलं आणि उठली. दारापर्यंत जाऊन ती थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता, खरोखरच काहीतरी समजून घ्यायचं असावं तसं तिनं विचारलं, "चंपतराव भाऊजीले नोकरी पाहिजे होती, म्हनून ते खोटं बोलले. तुमाले काय पाहिजे होतं?"

धोंडबानं खाली ठेवलेला कागद उचलून त्याची घडी घातली. तिनं मग माझ्याकडे पाहिलं. मी काउंटरवरचे फोटो सारखे करू लागलो. कन्हानची एसटी चारला सुटायची, म्हणून ती निघाली.